सात महिन्यांची मावसबहीण

विमल, तुझ्या कार्यक्रमात मी खोटं बोलले. तू नव्हतीस म्हणून पचलं.

गेल्या रविवारी नांदेडला, तुमच्या विहाराच्या हॉलमध्ये तू गेल्यानंतरचं तुझं पुण्यानुमोदन झालं. समोर तुझा फोटो होता, तोच, मला कधीच न आवडलेला, ज्यात तू साहेबासमोर खुलासा द्यायला उभी असल्यासारखी दिसतेस. तुझ्या सुजातानं माईक माझ्या हातात दिला. म्हणाली, 'मावशी, आईच्या लातूरच्या दिवसांबद्दल तुम्हीच बोलू शकता.' आणि मी बोलले की. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो, एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो, आमच्यात कधी भेद म्हणून आला नाही. माणसांनी माना डोलावल्या. तू असतीस तर मागच्या खुर्चीवरून म्हणाली असतीस, 'महादेवीबाई, आवरतं घ्या, लोक जेवायचे थांबलेत.'

एका खोलीत राहिलो हे खरं आहे. पण सात महिने. त्यानंतर दोन वर्षं त्याच खोलीत मी एकटी राहिले, हे मी सांगितलं नाही. का राहिले, तेही नाही.

आता सुजाता तुझ्या आठवणींचं छोटं पुस्तक काढणार आहे. मला म्हणाली, चार पानं लिहून द्या. दोन दिवस नुसती वही उघडून बसले. लोकांसाठी लिहायला गेलं की हातातून पुन्हा ते माईकवरचंच उतरतं. म्हणून तुलाच लिहिते. तुझ्यापुढं थाप मारायची माझी छाती नाही.

आपण लागलो तेव्हा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धड इमारत नव्हती. आपली शाखा एका आडत दुकानाच्या मागच्या गोदामात, आणि फायलींना तुरीच्या डाळीचा वास. मी उदगीरची, तू नायगावकडची. मी आवक-जावकला आणि तू टायपिंगला. तुझ्यासारखं मराठी टायपिंग मी पुढं कुणाचंच पाहिलं नाही. त्या वर्षी पाऊस नव्हता, सगळ्या तालुक्यांतून टँकरच्या खेपांचे तक्ते यायचे, आणि तू तीन कार्बन घालून ते एका बैठकीत संपवायचीस. मधेच थांबून विचारायचीस, 'ह्या गावात टँकर चालू हाय म्हणून राहिले, पण ओततेत कुठं? सगळ्यायला भेटतं का?' मी म्हणायची, तक्त्यात तो रकाना नाही. तू म्हणायचीस, 'रकाना नाही म्हणूनच विचारून राहिले.' आपलं पहिलं भांडण त्याच्यावरच झालं.

खोल्यांचं तुला आठवतं का? बाहेरून माणसं आली होती, कचेऱ्या आल्या होत्या, आणि लातुरात दोन मुलींना खोली मिळणं म्हणजे देव भेटण्यातली गत. त्यात पाण्याची बोंब. लोक आधी विचारायचे, आडनाव काय? मी सांगायची बिराजदार, आणि समोरची बाई पदर सावरून आत बोलवायची. मग तू सांगायचीस सोनकांबळे. कुणाचा भाचा येणार असायचा, कुणाकडे रंग द्यायचा राहिलेला असायचा. एका बाईनं तर सरळ म्हटलं, 'तू ये, त्यांना म्हणावं दुसरीकडं बघा.' त्या दिवशी परत येताना मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, 'आम्ही लिंगायत, आमच्यात जातच नसते, आमच्या माणसाकडे खोली बघू.' तू माझ्याकडे असं पाहिलंस की अजून आठवलं तरी मला माझाच राग येतो.

आणि मग ती खोली मिळाली. धान्याच्या व्यापाऱ्याची विधवा, आपण जिला काकू म्हणायचो, तिच्या अंगणातली. अंगणात आड होता, आणि गावभर कोरड पडलेली असताना त्या आडाला पाणी होतं. खाली, पार तळाशी, पण होतं. काकूनं मला आडनाव विचारलं, मी सांगितलं. तिनं तुझ्याकडे पाहिलं. तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, 'ही माझी मावसबहीण. बिदरकडची आहे, विमल स्वामी.'

तुला न विचारता म्हणाले. तुझ्या भल्यासाठी म्हणाले, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. थोडं तुझ्या भल्यासाठी होतं, बाकी त्या आडासाठी.

बाहेर आल्यावर तू म्हणालीस, 'स्वामी कामून केलंस गं मला? करायचंच होतं तर देशमुख करायचं, जरा वट तरी राहिला असता.' मी हसले, तू पण हसलीस. त्या हसण्यावर मी निभावून गेले.

पण काकू पक्की होती. रोज आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची, आणि तिचा नियम होता की आडाच्या दोराला हात लावायचा तर आंघोळ झालेली पाहिजे आणि गळ्यात लिंग पाहिजे. आता आली का पंचाईत. मी उदगीरला जाऊन माझ्या आईची, अव्वाची, लिंग ठेवायची जुनी चांदीची डबी घेऊन आले. अव्वानं नवी घडवली होती, ही रिकामी पडली होती. आत लिंग नव्हतं, तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. नुसती डबी, दोऱ्यात ओवलेली. मी ती तुझ्या गळ्यात बांधायला लागले तेव्हा तू मान मागे घेतलीस. 'अगं माय, बैलाच्या गळ्यात घाटी बांधल्यावानी काय बांधून राहिलीस?' मी म्हणाले, पाणी पाहिजे ना? तू मान पुढं केलीस. तुझ्या बाबांनी देव, गंडे, दोरे सगळं घराबाहेर टाकलं होतं, हे तू मला नंतर सांगितलंस. मला आधी माहीत असतं तरी मी बांधलीच असती, हेही कबूल करते.

तू त्या डबीत लवंगा ठेवायचीस, दाढदुखीसाठी. काकू म्हणायची, 'ह्या पोरीच्या अंगाला किती ग्वाड वास येतो, पूजापाठ करनारी दिसती.' आपण दोघी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसायचो.

आणि काकूचा जीव जडला तुझ्यावर, माझ्यावर नाही. मी फटकळ, तू गोड बोलायचीस, तिच्या मुलाला पत्रं लिहून द्यायचीस. रविवारी ती तुझ्या डोक्याला तेल लावायची आणि म्हणायची, 'काय करूलालीस गं केसायचं, झाडू झालाय निस्ता.' उतरत्या दुपारी तू आडावर पाणी शेंदायचीस, तिच्या घागरीसुद्धा तूच भरायचीस. पोहरा तळाला खरवडून वर यायचा, अर्धा गाळ आणि अर्धं पाणी. सात महिने ते घर तुझ्या हातचं पाणी प्यालं. कुणालाही काही झालं नाही.

मग तुझे बाबा आले.

सुट्टीचा दिवस होता, उन्हाचा नुसता जाळ. नायगावहून नांदेड, नांदेडहून लातूर, दोन एसट्या बदलून ते आले. पांढरं धोतर, डोक्याला उपरणं, हातात पिशवी, पिशवीत तुझ्या आईनं केलेले धपाटे. तू आडावर होतीस. मी आणि काकू ओसरीवर ज्वारी निवडत बसलेलो. दारात उभं राहून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, 'जय भीम माय. विमल हितंच ऱ्हाती का?'

काकूचा हात सुपात थांबला. 'कोन हाय हे?' तिनं मला विचारलं.

मी काय म्हणाले ते तू ऐकलंस. तुझ्या बाबांनी ऐकलं. आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्याला नाही की मुलाला नाही. मी म्हणाले, 'विमलच्या घरचा सालगडी आहे. सामान पोचवायला आलाय.'

तुझ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आडाकडे, मग तुझ्या गळ्यातल्या डबीकडे. त्यांना सगळं समजलं, विमल. एका क्षणात समजलं. आणि तो माणूस म्हणाला, 'हाव माय. सालगडीच हाव मी यायच्या घरचा.' आणि पायरीच्या खाली, उन्हात उकिडवे बसले.

काकू मनानं वाईट नव्हती. तिनं म्हटलं, लई लांबून आलाय, पाणी तरी द्यावं. तांब्या घेऊन ती खाली उतरली आणि उंचावरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायला लागली. ते खाली मान घालून पीत होते. तांब्या त्यांना लागू नये म्हणून ती हात वर धरत होती. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, लवकर संपू दे, लवकर जाऊ देत. एवढंच म्हणत होते मी.

तू पोहरा सोडलास. तो आडात आपटल्याचा आवाज आला. तू ओले हात पुसत आलीस, काकूच्या हातातला तांब्या घेतलास, बाबांच्या हातात दिलास आणि म्हणालीस, 'काकू, हे माझे वडील आहेत. माझं आडनाव सोनकांबळे आहे.' आवाज चढवला नाहीस. कचेरीत तक्ता वाचून दाखवायचीस तसंच बोललीस.

काकूनं तुझ्याकडे पाहिलंच नाही, तांब्याकडे पाहत राहिली. म्हणाली, 'मला फशिवलं तुमी पोरीनी.' तेही खरंच होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'तू ऱ्हा. तू आपली हायस. तिला म्हनावं जा.'

तुझे बाबा मधे पडले. हात जोडून म्हणाले, 'पोरीचं डोकं फिरलंय उन्हानं, मी कुटला बाप? गडीच हाव.' तुझ्यासाठी, त्या पाण्यासाठी तो माणूस स्वतःला पुन्हा खोटं पाडायला तयार होता. तू त्यांना उठवलंस. खोलीत जाऊन दहा मिनिटांत बॅग भरलीस. मी दाराला टेकून उभी होते. माझ्या अंगावरून जाताना तू थांबलीस, काहीतरी विचारणार होतीस असं वाटलं. मी खाली बघितलं. तू गेलीस.

संध्याकाळी काकू आडाशी उभी राहून विचार करत होती. रीतीप्रमाणं सगळं पाणी उपसून टाकायला हवं होतं. पण अशा दुष्काळात टाकलेलं पाणी परत कुठून येणार? शेवटी तिनं मूठभर विभूती आडात टाकली, हात जोडले आणि पहिली घागर शेंदून घरात नेली. धर्म किती सोयीचा असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि दुसरी घागर मी शेंदली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तू शेजारच्या टेबलावर. तू दूरच्या एका नातेवाइकाच्या घरी राहायला गेली होतीस, वस्तीत, पहाटे टँकरच्या रांगेत उभी राहून मग कामावर यायचीस. उशीर व्हायचा. हजेरीपटावर मी तुझी वेळ सांभाळून घ्यायची. तेवढं प्रायश्चित्त मला पुरेसं वाटत होतं. आठवड्यानं तू रुमालात गुंडाळलेली डबी माझ्यापुढं ठेवलीस. 'घे, अव्वाची हाय. हरवली तर तुलाच बोलणी बसतील.' आणि चहाला चल म्हणालीस. मी गेले. चहा पिताना आपण साहेबांच्या केसांच्या टोपाबद्दल बोललो.

त्यानंतर चाळीस वर्षं आपण त्यावर एक अक्षर बोललो नाही. बाकी कशावर भांडलो नाही? माझ्या मुलाला मेडिकलला नंबर लागला नाही आणि तुझ्या सुजाताला लागला, तेव्हा मी फोनवर बोलू नये ते बोलले. टक्के जास्त असून माझं पोरगं घरी बसलं, म्हणाले. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, 'तुझ्या पोराला कुणी खोली नाकारली का गं कधी?' मी फोन आपटला. चौथ्या दिवशी तुझाच फोन आला, शेंगदाण्याच्या चटणीत लसूण किती घालायचा ते विचारायला. तुला माहीत होतं किती घालायचा. माझ्या लग्नात, माझ्या ऑपरेशनला, नवरा गेला तेव्हा, तू पहिल्या एसटीनं हजर. दवाखान्यात माझी वेणी घातलीस, आणि घालता घालता म्हणालीस, झाडू झालाय निस्ता. मला रडू आलं, तू म्हणालीस टाका दुखत असेल.

मागच्या उन्हाळ्यात तू शेवटची आलीस. आता लातूर म्हणजे सगळं क्लासचं गाव. आमच्याही वरच्या मजल्यावर मुली राहतात, सून सगळं बघते. आपण अंगणात चहा घेत होतो तेव्हा एक बाप मुलीला घेऊन आला, अहमदपूरकडचा. सुनेनं आधी आडनाव विचारलं. मग म्हणाली, जागा भरली. तो बाप 'बरं' म्हणाला आणि पोरीची बॅग उचलून गेला. अशी माणसं 'बरं' किती पटकन म्हणतात.

तू बशी खाली ठेवून म्हणालीस, 'वर दोन कॉट रिकामे दिसून राहिलेत.'

मी म्हणाले, 'सुनेचा कारभार आहे, मी लक्ष घालत नाही.'

'तू कधीच लक्ष घातलं न्हाईस.'

मला झोंबलं. मी म्हणाले, 'किती वर्षं तेच ते उगाळणार आहेस?' तू माझ्याकडे पाहिलंस, अगदी शांतपणे. 'मी उगाळलं कधी? तूच सांग.' मग तू चटणी बांधून मागितलीस, रिक्षात बसलीस, हात केलास. पुढं तुझं दुखणं निघालं, मी दोनदा येऊन गेले, पण नळ्या लावलेल्या माणसाशी जुन्या गोष्टी कशा काढायच्या? मी निमित्तच शोधत होते, खरं म्हणजे.

तुझा कार्यक्रम करून आले त्याच दिवशी सुनेला सांगितलं, इथून पुढं या घरात कुणाला आडनाव विचारायचं नाही. ती म्हणाली, बाकीच्या मुली सोडून जातील. मी म्हणाले, जाऊ देत. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. वरच्या कॉटवर अजून कुणी आलेलं नाही. आलं आणि शेजारपाजारचे बोलायला लागले की माझं किती टिकतं ते दिसेलच. मी स्वतःची फार खात्री देत नाही.

काल हे सगळं मी सुजाताला फोनवर वाचून दाखवलं. छापण्याआधी तिला कळायला हवं होतं, की ती जिला मावशी म्हणते तिनं तिच्या आजोबांना काय म्हटलं होतं. वाचून झाल्यावर मी म्हणाले, 'आता तुला मला मावशी म्हणायचं नसेल तर नको म्हणूस.'

ती म्हणाली, 'मावशी, आईनं मला हे दहावीत असतानाच सांगितलं होतं. त्या दिवशी सभेत तुम्ही बोलत होता तेव्हाही मला माहीत होतं. म्हणून तर म्हटलं, लिहून द्या.'

मग म्हणाली, सालगडीचं आईला फार लागलं नव्हतं. घाबरून बोलली बिचारी, असं म्हणायची. आजोबा तर शेवटपर्यंत आईलाच रागावायचे, कशाला बोललीस, पोरी, पाण्याला मुकलीस. आईला दुसरंच काही लागलं होतं. तू आणि तुझे बाबा त्या दिवशी काकूच्या घरातून निघालात, पण स्टँडवर लगेच गेला नाहीत. गल्लीच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलात. टांगे येत होते, जात होते. बाबा म्हणत होते, चल, ऊन लागून राहिलंय. आणि तू म्हणत होतीस, थांबा की बाबा जरा, महादेवी बॅग भरत असंल.

मी बॅग भरत नव्हते, विमल.